बिबड्या दहा जणींच्या, चेहरा एकीचा

पत्र (थोडं आखडून):

"नमस्कार. मी अमळनेर तालुक्यातल्या एका गावातली. आमचा दहा बायांचा बचत गट आहे. उन्हाळ्यात आम्ही बिबड्या (ज्वारीचे पापड), शेवया, नागलीचे पापड करतो. आधी माल गावात आणि अमळनेरच्या दोन दुकानांत जायचा. मागच्या वर्षी मी बिबड्या थापत असताना माझ्या लेकीने रील केली. मी अहिराणीत आपली बडबडत होते आणि मागून सासूबाई मला रागवत होत्या. ती रील इतकी चालली की पुण्याहून, सुरतेहून फोन यायला लागले. सगळा माल संपला.

यंदा सगळं बिघडलं. गटातल्या बाया म्हणतात, 'हात आमचे आणि तोंड तुझं.' लेकीला रोज नवी रील पाहिजे. पहाटे अंधार असतो म्हणून तिने एक दिवस आम्हाला नऊ वाजता थापायला लावलं. 'आई, परत एकदा कर' म्हणता म्हणता घाटा (बिबड्यांचं शिजवलेलं पीठ) गार झाला. शेवटच्या खाटेवरच्या बिबड्या ओल्या राहिल्या, त्यांना वास आला, फेकाव्या लागल्या. रात्री अकरालाही फोन येतात. सुरतेच्या एकाने पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट टाकला आणि माल नेला, पैसे आलेच नाहीत. त्यात रीलखाली कुणीतरी घाण लिहिलं. त्याचा फोटो काढून आमच्याच भाऊबंदांपैकी एकाने कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. सासरे त्या दिवशी जेवले नाहीत. 'बंद कर ते,' एवढंच म्हणाले. आमचे हे काहीच बोलत नाहीत. लेक म्हणते, आता चालू गाण्यावर नाचलीस तरच रील चालेल. मी खातं बंद करू का? आणि मोबाईलने समाज नासवला असं सगळे म्हणतात, ते खरं आहे का?"

उत्तर:

ताई, खातं बंद करू नका. पण ते तुमच्या एकटीच्या नावावरही ठेवू नका.

तुमच्या पत्रात पाच-सहा दुखणी एकमेकांत गुंतली आहेत आणि घरच्यांनी सगळ्यांवर एकच उतारा काढलाय, मोबाईल बंद. मी ती जरा सोडवून बघते.

आधी गटाचं, कारण मला तेच सगळ्यात मोठं वाटतं, त्या घाणेरड्या कमेंटपेक्षाही. कमेंट लिहिणारा कोण कुठला, त्याचं तोंड तुम्हाला जन्मात बघायचं नाही. या नऊ जणींशी मात्र रोज गाठ आहे आणि पुढच्या चैत्रात पुन्हा एकाच चुलीपुढे बसायचंय.

"हात आमचे आणि तोंड तुझं" हे तुम्हाला लागलं, ते दिसतंच. पण त्या बाया खोटं बोलत नाहीत. ज्वारी भिजत घालून रोज तिचं पाणी कोण बदलतं? ढीगभर लसूण कोण सोलतं? पहाटे चारला उठून चूल पेटवणारी, दोन्ही हातांनी घाटा घोटणारी, धुराने डोळे लाल झालेली बाई तुमच्या रीलमध्ये आहे का? मी ती रील पाहिलेली नाही, पण नसणार यावर पैज लावते. दिसत असेल ती थापणारी: पाण्यात बुडवलेला हात, ओल्या धोतरावर गोल फिरणारी बोटं, मागे सासूबाईंचा आवाज. कामाचा देखणा तुकडा तेवढाच. मग पुण्याचं गिऱ्हाईक "त्या रीलवाल्या ताईंच्या बिबड्या" मागतं. अमळनेरच्या दुकानात तीच पाकिटं गटाच्या नावाने जात होती. वर्षभरात माल तोच राहिला, त्यावरची नऊ नावं मात्र गेली.

सोशल मीडियाने कामाचं काय केलं असं मला कुणी विचारलं, तर मी हेच आधी सांगेन. दहा जणांच्या कामातून तो एक चेहरा उचलतो, कारण स्क्रीनवर सरकणारा अंगठा चेहऱ्यापाशीच थांबतो. बँड पथकात, भजनी मंडळात, शाळेच्या शिक्षकांतसुद्धा आता हेच चाललंय. त्यात कुणाचा वाईट हेतू असतोच असं नाही. तुमच्या लेकीचा तर मुळीच नव्हता.

वाटा म्हणजे काय, हे अमळनेरच्या माणसाला मी शिकवावं असं नाही. १९४५ साली तुमच्याच अमळनेरात वनस्पती तुपाची गिरणी निघाली. तिचीच पुढे विप्रो झाली. गावातल्या लोकांनी तिचे शेअर घेतले. ज्यांनी ते विकले नाहीत, त्यांच्या पुढच्या पिढ्या विप्रोच्या लाभांशावर उभ्या राहिल्या. तुमचं इन्स्टाग्राम खातं ही आता तशीच एक मिळकत आहे. त्यातून ऑर्डर येते, म्हणजे त्यात वाटाही लागतो. तो तोंडी ठरवून चालणार नाही. पुढच्या मासिक बैठकीत विषय घ्या आणि इतिवृत्ताच्या वहीत सरळ ठराव लिहा. मसुदा मी देते, शब्द तुमचे घाला:

"गटाच्या मालाचे इन्स्टाग्राम खाते यापुढे गटाच्या नावाने चालेल. त्याला जोडलेला मोबाईल नंबर व ईमेल गटाचा राहील. पासवर्ड अध्यक्ष व सचिव या दोघींकडे राहील. रील करणे, गिऱ्हाईकांचे फोन घेणे व पार्सल बांधणे हे गटाचे काम धरले जाईल व त्याची हजेरी लागेल. ज्या सभासदाला व्हिडिओत दिसायचे नसेल, तिचा चेहरा घेतला जाणार नाही."

पासवर्ड दोघींकडे ठेवायला सांगते, त्याला कारण आहे. लेक उद्या शिकायला पुण्याला गेली किंवा तिचं लग्न झालं, की मोबाईलबरोबर पासवर्डही जातो. शेवटचं वाक्यही गाळू नका. कुणाच्या घरी चालत नसेल, कुणाला स्वतःलाच नको असेल. नुसते हात दाखवले तरी बिबडी तितकीच गोल दिसते.

आता त्या नऊ जणींनाही दोन शब्द, हे पत्र बैठकीत वाचून दाखवलंत तरी चालेल. बायांनो, रील करणं हे कामच आहे. ती पोर कॉलेज सांभाळून उन्हात उभी राहते, रात्री बसून कापाकापी करते, तिच्या आईला जेवता जेवता "भाव काय?" याला उत्तर द्यावं लागतं. याची मजुरी थापणाऱ्या बाईइतकीच धरा. फोन घ्यायची पाळी लावा, आठवड्याला दोघी. आपल्या पाळीत दिवसभर "हॅलो, बिबड्या आहेत का?" ऐकलं, की प्रसिद्धीचा हेवा आपोआप कमी होईल. हे मी थोडं खट्याळपणे सांगतेय, पण सांगतेय खरंच.

त्या नऊ वाजताच्या प्रकाराचा मला खरा राग आला. लेकीचा नाही, ती लहान आहे. पण बिबड्या पहाटे का घालतात, हे खानदेशातल्या बाईला ठाऊक असतं. घाटा कढत असतानाच थापावा लागतो. गार झाला की तो हाताखाली पसरत नाही, कड फाटते, मध्ये जाड राहते. ऊन चढायच्या आत सगळ्या खाटा भरल्या, तर दिवसभराचं ऊन पोचतं आणि संध्याकाळी धोतराच्या मागून पाणी शिंपडून बिबड्या अख्ख्या सुटतात. नऊला सुरुवात केली की हे सगळं वेळापत्रक कोसळतं. तुम्ही सगळ्या जणी ते जाणत होतात आणि तरीही थांबलात, कारण मोबाईल समोर होता. कामाची वेळ कॅमेऱ्याला देऊ नका. लेकीला म्हणावं, पहाटे चारला ऊठ. चुलीच्या जाळावर जेवढं दिसेल तेवढं घे, एकदाच होईल, "परत एकदा" नाही. मला तर वाटतं, घाटा घोटणारीचा चेहरा त्या जाळावर जास्त चांगला येईल.

दुसरं, रील रोज मागतात आणि बिबड्या रोज होत नाहीत. वाळवणाचा हंगाम चैत्र-वैशाखाचा, फार तर मृगापर्यंत. त्यात मधे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, तेव्हा निम्मा गट झोक्यावर असतो. पावसाळ्यात दाखवणार काय? म्हणून उन्हाळ्यात थोडं थोडं चित्रण करून ठेवा आणि दिवाळीपर्यंत पुरवून वापरा. कधी नुसती भाजलेली बिबडी आणि कच्चं तेल, कधी घाट्यासाठी वाट्या घेऊन बसलेली पोरं. आठवड्याला एक टाकली तरी बास. जास्त टाकल्याने माल वाढत नाही, करणाऱ्या तुम्ही दहाच आहात.

आणि नाचायचं असेल तर आपल्या कानबाईच्या उत्सवात देवीपुढे नाचा. बिबड्या विकायला नाचू नका, तुम्हाला मनापासून आवडत असेल तर गोष्ट वेगळी. तुमची पहिली रील सासूबाईंच्या रागावण्यावर आणि अहिराणीवर चालली. सुरतेत, पुण्यात आयुष्य काढणाऱ्या आपल्या माणसाला तेच ऐकायला मिळत नाही. लेकीला हे पटेल असं नाही, पण आकडे तिच्याच मोबाईलमध्ये आहेत, तिने पडताळून बघावं.

इन्स्टाग्रामवर धंदा म्हणजे दुसऱ्याच्या बाजारातली पथारी. बाजार कधी उठेल हे आपल्या हातात नसतं. २०२० च्या जूनअखेर केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी घातली, तेव्हा अहिराणीत व्हिडिओ करणारी किती तरी पोरं-पोरी एका रात्रीत रिकाम्या हाताने उठली. जुलैत इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणली आणि त्यांनी पुन्हा शून्यापासून सुरुवात केली. प्रेक्षक त्यांचे होते, पण एकाचाही नंबर त्यांच्याकडे नव्हता. म्हणून प्रत्येक गिऱ्हाईकाचं नाव, गाव, मोबाईल, काय घेतलं, हे साध्या वहीत लिहा. ती वही गटाच्या पेटीत ठेवा. पुढच्या मार्चमध्ये त्या नंबरांना एक मेसेज गेला, तर निम्मा हंगाम रीलशिवायच ठरून जाईल.

रात्री अकराच्या फोनावर उपाय सोपा आहे. तुमचा घरचा नंबर रीलवरून काढा. गटासाठी वेगळं सिमकार्ड घ्या आणि त्यावर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस घाला, ते फुकट आहे. त्यात भावाची यादी फोटोंसकट लावता येते आणि रात्री आलेल्या मेसेजला "सकाळी दहानंतर कळवतो" असं उत्तर आपोआप जातं. फोन रात्री आठला बंद करून ठेवा. बिबड्यांवाचून कुणाचा जीव अडत नाही.

कमेंटचं काय करायचं ते आता सांगते. इन्स्टाग्रामच्या सेटिंगमध्ये नको असलेले शब्द लपवायची सोय आहे, तिथे आपली यादीही घालता येते. अहिराणी शिव्या त्या यंत्राला कळतील या भरवशावर राहू नका, म्हणून लेकीला बसवून त्या टंकायला लावा. एकाच शिवीची दोन-तीन स्पेलिंगं घाला. त्या मजकुरावर पोरीसमोर लाजण्यासारखं काही नाही, तिने वाचलेलं आहेच. कमेंट फक्त फॉलो करणाऱ्यांनाच लिहिता येतील असंही ठेवता येतं. त्याउपर कुणी मागेच लागला, तर उत्तर न देता तारखेसकट स्क्रीनशॉट ठेवा आणि सायबर पोलिसांकडे किंवा केंद्राच्या सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर तक्रार द्या. बाईचा शब्दाने अपमान करण्यासाठी भारतीय न्याय संहितेत कलम ७९ आहे. "बाई रील करते म्हणजे ऐकून घ्यायचंच" असं कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही.

पण ताई, सासरे जेवले नाहीत ते त्या कमेंटमुळे का? त्यांच्याकडे इन्स्टाग्राम असेल असं मला वाटत नाही. एका परक्या टवाळाने लिहिलं आणि ते तिथेच पडून राहिलं असतं. ते घरात आणलं तुमच्याच भाऊबंदाने, आणि तेही जिथे सगळी वडीलधारी माणसं बसतात अशा ग्रुपवर. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मला इथेच दिसतं. मोबाईलने समाज नासवला म्हणताना लोक पोरींच्या रीलकडे बोट दाखवतात. मला कुटुंबाच्या, गावाच्या, समाजाच्या ग्रुपांची जास्त भीती वाटते. तिथे आलेलं खरं की खोटं हे कुणी विचारत नाही, कारण पाठवणारा आपला असतो.

तुमच्या शेजारच्या धुळे जिल्ह्याने याची किंमत पाहिलीय. साक्री तालुक्यातलं राईनपाडा, १ जुलै २०१८, आठवडे बाजाराचा रविवार. मुलं पळवणारी टोळी फिरतेय असे मेसेज आणि व्हिडिओ त्याआधी कित्येक दिवस या मोबाईलवरून त्या मोबाईलवर जात होते. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं, भिक्षा मागून पोट भरणारी, त्या बाजारात दिसली. जमावाने त्यांना पकडलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं आणि मारून टाकलं. पाचही जणांना. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. तुमच्या स्क्रीनशॉटची मी त्या घटनेशी बरोबरी करत नाही, तशी करूही नये. पण अंगठ्याची सवय तीच आहे: आलं, पुढे ढकललं, आपलं काय गेलं?

उलट बाजूही तुमच्या डोळ्यांसमोर आहेच. रावेर-यावलकडचा केळीवाला आता बऱ्हाणपूरचा भाव मोबाईलवर बघून मगच व्यापाऱ्याशी बोलतो. अमळनेर सोडलं की अहिराणी गिळून टाकणारी पोरं आता तीच बोली मोबाईलसमोर छातीठोक बोलतात. तुमच्या गटाचा माल सुरतेला गेला. हे सगळं त्याच यंत्रातून. तेव्हा सगळ्या मोबाईलला एकदम शिव्या घालणाऱ्यांचं मी ऐकत नाही, आणि "जग बदललंय, सासऱ्यांनी समजून घ्यावं" म्हणणाऱ्यांचंही नाही.

तुमच्या यजमानांच्या गप्प बसण्याचं मात्र मला पटलं नाही. इथे बोलायचं काम त्यांचं आहे. त्यांनी त्या भाऊबंदाला फोन करावा, ग्रुपवर लिहू नये. "दादा, तू ते वाचलंस तर मला सांगायचं, आबांना कशाला दाखवलंस?" एवढं पुरे. ग्रुपवर उत्तर दिलंत, की दोन तट पडतील आणि पुढच्या लग्नात जेवायला बसण्यावरून पुन्हा तेच निघेल.

सासऱ्यांशी वाद घालू नका. चार दिवस जाऊ द्या, मग गटाची वही त्यांच्यापुढे ठेवा: गेल्या वर्षी किती माल गेला, कुठे गेला, किती आले. खातं आता सुनेचं राहिलं नसून गटाचं झालंय, हे त्यांना ठराव वाचून दाखवून सांगा. बऱ्याच जुन्या माणसांना एकट्या बाईचं नाव बाजारात गेलेलं खटकतं, दहा बायांचं नाव गेलं तर तितकं खटकत नाही. हे मला आवडतं असं नाही, पण आहे ते असं आहे, आणि इथे ते तुमच्या कामाला येतंय. ते तरीही नाही म्हणाले, तर खातं चालूच राहील, फक्त तुमचा चेहरा काही दिवस त्यावर नसेल. घाटा घोटणारीला पुढे बसवा.

राहिला सुरतवाला. फसवणुकीची तक्रार त्याच पोर्टलवर करा. खात्यातून पैसे काढून नेल्याचा प्रकार कधी झाला, तर घटकाभरही न थांबता १९३० या सायबर मदत क्रमांकाला फोन करायचा, हे गटातल्या सगळ्यांना पाठ करून ठेवा. यापुढे गिऱ्हाईकाने पाठवलेल्या फोटोवर माल सोडायचा नाही. गटाच्या बँक खात्याचा क्यूआर वापरा आणि खात्यात रक्कम जमा झालेली खजिनदार बाईने स्वतः बघितल्यावरच पार्सल बांधा. "चुकून जास्त पाठवले, उरलेले परत करा" म्हणणाऱ्यालाही तेच. आणि पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही.

पार्सलच्या पाकिटावर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा आकडी नोंदणी क्रमांक लागतो. अजून काढला नसेल तर आधी तो काढा, गटाच्या नावाने. पाकिटं नव्याने छापावी लागतील, तेव्हा ठराव छपाईच्या आधी करून घ्या. एकदा हजार पाकिटं तुमच्या एकटीच्या फोटोची छापून आली, की ती संपेपर्यंत बैठकीत दुसरा विषय निघणार नाही.